ऐंशीचं पिस्टन सील

कारखान्यात माझं खरं नाव कुणी वापरत नाही. मला रबरबाई म्हणतात. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण स्टोअरच्या खिडकीला नुसती जाळी आहे, त्यामुळे पाठीमागचं सगळं ऐकू येतं. चोवीस वर्षं त्या जाळीआड बसून मी सीलं देत आले.

सील म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून टाकते, पुढची सगळी भानगड त्याच्यावरच आहे. यंत्राच्या सिलिंडरमध्ये तेल दाबून कोंडलेलं असतं आणि त्या तेलाच्या जोरावर लोखंडाची धुडं वरखाली होतात. तेल जिथून निसटायला बघतं तिथे एक लवचिक कडं बसवतात. ते सील. दांड्यावरची धूळ बाहेरच्या बाहेर पुसणारं वायपर वेगळं, दांड्याला आवळून बसणारं रॉड सील वेगळं, आतल्या दट्ट्यावरचं पिस्टन सील वेगळं. हे शिकायला मला कुणी कॉलेजात धाडलं नव्हतं. मी मेलेली सीलं बघून शिकले. फिटर लोक काढून फेकायचे, मी उचलून ठेवायची. उष्णतेनं मेलेलं सील कडक होतं, वाकवलं की तडकतं. जास्त दाबानं मेलेलं कडेला कुरतडल्यासारखं दिसतं. घाईघाईनं बसवताना कापलं गेलं तर ओठासारख्या धारेवर एक सरळ चीर. आणि चुकीच्या तेलात मेलेलं फुगतं, पाण्यात टाकलेल्या हरभऱ्यासारखं.

म्हणून माझे तीन प्रश्न. माप काय, दाब किती, तेल कोणतं. तिन्हीची उत्तरं आल्याशिवाय माझा हात कप्प्याकडे जात नाही.

"रबरबाईकडे तू जा रे बाबा, मी नाही जात. मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी करते." हे मी कितीदा ऐकलं असेल. हसा लेको.

तेलाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडे सगळीकडे साधं तेल आहे, फक्त भट्टीपाशी पेट न घेणारं. तिथे साधं तेल गळलं तर आगच लागायची. साध्या तेलाला नायट्राइल नावाचं रबर चालतं, भट्टीच्या तेलाला ईपीडीएम नावाचं. दोन्ही काळी, दोन्ही एकाच मापाची, हातात घेऊन भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. आणि एकाचं तेल दुसऱ्याला विष.

गेल्या महिन्यात भट्टीचं दार खाली आलं. ते लोखंडी दार सिलिंडर वर उचलून धरतो आणि भट्टीवाला खालून हात घालून सळईनं धातूवरची मळी काढतो. दाराला आधाराची खुंटी होती, ती तीन वर्षांपूर्वी मोडली ती मोडलीच. पाटी मात्र लावली, 'सुरक्षा प्रथम'. भट्टीवाल्याचा डावा हात कोपराखाली दोन जागी मोडला. सिलिंडर उघडला तर पिस्टन सीलच्या चिंध्या. बसवून नऊ दिवस झाले होते.

साहेबांनी त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. फिटरनं बसवताना सील कापलं. फिटरला घरी बसवलं आणि पुढच्या गुरुवारी चौकशी ठेवली. चौकशी कसली, हाकलायच्या आधीचा उपचार.

चिंध्या माझ्याकडे जमा करायला आल्या. मी उचलल्या तेव्हाच कळलं. सरळ चीर कुठेच नव्हती. जाडी चढली होती, आणि दाबलं की चिखलात रुतावं तसं नख आत गेलं. हे कापलेलं नव्हतं, फुगून फाटलेलं होतं. भट्टीच्या सिलिंडरमध्ये नायट्राइल.

ते मीच दिलं होतं.

आठवायला डोकं खाजवावं लागलं नाही. तो दिवस मला पाठ होता, कारण त्या दिवशी मी बोलले होते.

हा फिटर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. सबंध कारखान्यात मला 'ताई' म्हणणारा एकटा. बाकीचे जाळीतून कागद सरकवतात, वस्तू घेतात, चालायला लागतात. हा रिकामा डबा उपडा घालून त्यावर बसायचा. "ताई, जेवलात का?" म्हणायचा. लोकांना वाटेल, त्यात काय एवढं. माझ्या खोलीत मी सोमवारी सकाळी कप धुऊन ठेवते तो सोमवारी संध्याकाळी तिथेच असतो, तसाच, कुणी हलवलेला नसतो. अशा घरात राहून बघा, मग सांगा काय एवढं ते.

त्या दिवशी आला, बसला, म्हणाला, "ऐंशीचं पिस्टन सील द्या, ताई. आणि आज तोंड का उतरलंय?"

मी माप ऐकलं. दाब विचारला. तो त्यानं सांगितला. तेल विचारायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं भलतंच. "धाकट्या बहिणीचा फोन आला होता. आठ महिन्यांनी."

"अरे वा! मग?"

"मी म्हटलं, निवृत्त झाले की तुझ्याकडेच येते राहायला. लहानपणी तुझी वेणी मीच घालत होते, आता म्हातारपणी तू माझी घाल."

"मग? काय म्हणाली?"

त्यानं हे विचारलं तेव्हा माझा हात कप्प्यात होता. कुणी मला 'मग काय झालं' असं विचारून किती वर्षं झाली होती कोण जाणे. माझं अख्खं लक्ष त्या उत्तरावर.

"म्हणाली, बघू."

तो चुकचुकला. म्हणाला, "बघू म्हणजे नाहीच की हो, ताई." त्याचं खरं होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून जरा हलकं वाटलं. मी पाकीट सरकवलं. मागणीच्या कागदावर तेलाचा रकाना असतो. तो कागदसुद्धा मी मागितला नाही. त्याच्याकडून मी तो कधीच मागत नसे.

चिंध्या बघितल्या तरी मनात एक किडा होताच की आपण चुकत असू. शुक्रवारी भट्टीचं तेल बाटलीत भरून घरी आणलं. काचेच्या दोन बरण्या. एकीत त्याच कप्प्यातलं नायट्राइल, दुसरीत ईपीडीएम, दोन्हीवर भट्टीचं तेल, आणि बरण्या खिडकीत ठेवल्या. रविवारी दुपारी उघडल्या. ईपीडीएम होतं तसं. नायट्राइल बोटाला गिळगिळीत, आपल्या मापात मावेना.

संध्याकाळी फिटरच्या घरी गेले. चूक माझी आहे, चौकशीत तसं सांगते, घाबरू नकोस, एवढं बोलायचं होतं. दार त्याच्या बायकोनं उघडलं. हसरी बाई. नवऱ्याची नोकरी टांगलेली, तरी पाणी आणून दिलं.

"अगंबाई, म्हणजे तुम्हीच त्या खिडकीवाल्या ताई! हे नेहमी सांगतात तुमचं."

"काय सांगतो?" मी विचारलं. खरं सांगते, छाती फुगली होती माझी.

"म्हणतात, ताईंकडे गेलं की अर्धा तास सुटका नाही!" ती हसायला लागली. "पण तेवढं ऐकून घेतलं की कागद न भरता वस्तू मिळते म्हणे. बाकीचे बसलेत आपले रकाने भरत."

"ए, गप बस!" आतून फिटर ओरडला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "ताई, तिचं काही मनावर घेऊ नका. तिला ना, कुठे काय बोलावं कळत नाही."

"नाही रे. चांगलं बोलते की." मी पाणी संपवलं. "सहज आले होते. चालते."

जे सांगायला गेले होते ते सांगितलं नाही.

रविवारपासून गुरुवारपर्यंत मी वाईट बाई होते, लपवत नाही. मी नुसती गप्प बसले असते तरी तो गेला असता. खोटंही बोलावं लागलं नसतं. तेल कोणतं ते त्यानं सांगितलं नव्हतं, कागद त्यानं भरला नव्हता, सगळं खरंच होतं. उपडा डबा, 'जेवलात का', सगळी सीलं काढून घ्यायची युक्ती! आणि मी चोवीस वर्षांची जाणती, रबराची नस ओळखणारी, माणूस ओळखताना साफ आंधळी. जाऊ दे मेल्याला, असं मी दिवसातून दहा वेळा म्हटलं. अकराव्यांदा भट्टीवाल्याचा हात आठवायचा. फिटर गेला तरी त्या भट्टीचं पुढचं सील माझ्याच हातून जाणार होतं, आणि दार का पडलं ते कुणाला कळलेलंच नसणार होतं.

गुरुवारी टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत साहेब. फिटर भिंतीशी उभा.

"बाई, एकच प्रश्न. ह्यानं तुम्हाला तेल कोणतं ते सांगितलं होतं?"

"नाही."

"झालं तर." साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"झालं नाही, साहेब. मी विचारलंच नव्हतं."

"सांगणं त्याचं काम होतं."

"विचारणं माझं होतं. कागद मागणंही माझंच. ह्यानं सील कापलेलं नाही. मी चुकीचं दिलं." पिशवीतल्या दोन्ही बरण्या मी टेबलावर ठेवल्या. "बोट घालून बघा. ह्यातलं कुठलं भट्टीत गेलं ते कळेल."

कुणी बोट घातलं नाही. साहेब पुढे वाकून हळूच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय? चार वर्षं राहिलीत तुमची."

"अवलक्षण व्हायचं ते भट्टीवाल्याचं झालं. आणि लिहिणारच असाल तर दाराची मोडकी खुंटीही लिहा. तीन वर्षांत ती कुणी बसवली नाही, ते काही रबराचं काम नव्हतं."

साहेबांचे कान लाल झाले. डावीकडच्या खुर्चीतल्या अधिकारी बाईंनी विचारलं, "पण तुम्ही तर सगळ्यांना विचारता म्हणे. मग त्या दिवशीच का नाही विचारलंत?"

ह्याचं उत्तर मी घरी तयार केलं नव्हतं. फिटर जमिनीकडे बघत होता.

"बोलत होते," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"घरचं."

त्यांनी लिहून घेतलं. मला कागद उलटा वाचता येतो. खिडकीवर बसून सवय झाली आहे. 'गप्पांच्या नादात निष्काळजीपणा.' मी सही केली. बहीण आठ महिन्यांनी 'बघू' म्हणाली, त्याला गप्पा म्हणतात.

त्याच दिवसापासून मी खिडकीवर बसायचं नाही. मागच्या गोदामात जुन्या मालाची मोजदाद करायची. तिथे कुणी काही मागायला येत नाही; चोवीस वर्षांत मीही कधी गेले नव्हते. खुंटीबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही; पुन्हा बोलवा, पुन्हा सांगेन.

बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात फिटर उभा होता, भोवती त्याचे चारपाच सोबती, पाठीवर थापा, हसणं. मला बघून सगळे जरा मागे सरकले. तो पुढे आला. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"ताई, तुम्ही... काय बोलू मी? चला, चहा घेऊ."

ह्या वेळी त्याला माझ्याकडून काहीही नको होतं. मला जायचं होतं. खूप जायचं होतं. पण बसलो असतो तर मी बोलले असते, आणि तो उपकारापोटी ऐकत बसला असता.

"नको रे. तुला घाई असेल."

त्यानं मागे सोबत्यांकडे एकदा बघितलं.

"हो, जरा आहेच," म्हणाला.

मी पिशवी खांद्याला लावली. आतल्या बरण्या एकमेकींवर आपटत होत्या, म्हणून एक काढून हातात धरली आणि गोदामाकडची वाट कुठून आहे ते शिपायाला विचारलं.