जर्मनमधलं भांडण

कुमुदताईंच्या जर्मनच्या वर्गात यंदा बाकं जास्त आणि डोकी कमी होती. प्राचार्यांनी गोड शब्दांत बजावलं होतं, दिवाळीपर्यंत वर्ग भरला नाही तर तो बंद. निवृत्तीनंतर ताईंच्या दिवसाला तेवढाच टेकू उरला होता.

भाच्याने, अवधूतने, त्यांना एक ऑनलाइन खेळ जमवून दिला. उत्तर बरोबर आलं की आपल्या किल्ल्याचा बुरूज चढायचा, चुकलं की ढासळायचा. आपसात बोलायचं तेही जर्मनमध्येच. पोरं आठवडाभर खेळली आणि पुन्हा पेंगायला लागली.

ताईंना लहानपणच्या गाण्याच्या भेंड्या आठवल्या. गाण्यांचं वेड होतं कुणाला? पण समोरचा पक्ष 'भेंडी चढली' म्हणून चिडवायला लागला, की मुकी पोरंसुद्धा गाणी पाठ करून यायची.

झालं. ताई 'कावळा' हे नाव घेऊन गुपचूप खेळात शिरल्या आणि सोप्या जर्मनमध्ये एकेकाला टोचायला लागल्या. करंजाड्याच्या विश्वजीतला त्यांनी लिहिलं, "तुझ्या किल्ल्याला दार नसलं तरी चालेल. आतून नेण्यासारखं आहेच काय?"

दुसऱ्या दिवशी विश्वजीत पहिल्या बाकावर.

"मॅम, 'तुझं तोंड बघून दूध नासतं' हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?"

"कशाला रे?"

"निबंधात हवंय."

उरणची रोशनी तर सरळच म्हणाली, "मॅडम, माझी आई गिऱ्हाइकाला सांगते, नाय घ्यायचं तर पापलेट दाबू नको. ते त्या कावळ्याला ऐकवायचंय."

वर्ग भरू लागला. ताई मनातल्या मनात उड्या मारत होत्या. पण खोड जाते कुठे? एका संध्याकाळी रोशनीने कावळ्याला झोडपलं, तर कावळ्याने आधी तिचं वाक्य नीट करून दिलं आणि मग उलट टोला हाणला.

सकाळी रोशनी भर वर्गात उभी राहिली. "भांडताना समोरच्याच्या चुका सुधारतो असा कावळा एकच हाय, मॅडम."

सगळे ताईंकडे बघायला लागले. आता ही पोरं उठून जाणार, असं ताईंना वाटलं.

"आमच्या बाजारात परक्याशी कोण भांडत नाय, भांडतात ते आपल्या माणसाशीच," रोशनी म्हणाली, आणि तिने ताईंना तोंडावर, अस्खलित जर्मनमध्ये, पापलेटवरून सुनावलं. विश्वजीतने दुधाचं उरकून घेतलं. ताईंनी पदर खोचला आणि दोघांना एकदमच उत्तर दिलं. मागची बाकंही तावातावाने उठली.

आवाज ऐकून प्राचार्य दारात आले. "काय चाललंय?"

"तोंडी परीक्षा," ताई म्हणाल्या.

प्राचार्यांनी भरलेल्या बाकांवरून नजर फिरवली आणि हळूच दार ओढून घेतलं.