अस्सल आरमारी कट्यार

तलवार म्हणजे योद्ध्याचा आत्मा. जपानमधल्या कुरे शहरातल्या तलवार अभ्यास मंडळाची प्रत्येक बैठक या वाक्याने सुरू होते. सगळे उभे राहून ते गंभीरपणे म्हणतात, कमरेत वाकतात, आणि मग खाली बसून एकमेकांचे आत्मे नकली असल्याचं सिद्ध करायला लागतात.

नोव्हेंबरच्या बैठकीत पाळी कुसुमोतोंच्या आत्म्याची आली.

कुसुमोतो जहाजांच्या गोदीतून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर; रक्तदाब उंबरठा ओलांडून कधीच आत गेलेला. आई गेल्यावर घर आवरताना त्यांना माळ्यावर, किमोनोच्या जुन्या पट्ट्यात गुंडाळलेली वडिलांची आरमारी कट्यार सापडली होती. युद्धाच्या शेवटच्या वर्षी वडील आरमाराच्या शिधा विभागात अधिकारी होते. शत्रू त्यांनी पाहिला नाही, मिसोची पिंपं मोजली. घरी परतल्यावर युद्धाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत; खरं तर कशाहीबद्दल फारसं बोलले नाहीत. मुलाला वडिलांकडून मिळालेली सगळ्यात लांबलचक गोष्ट म्हणजे ही वीतभर कट्यार.

नोंदणी झाल्याशिवाय हत्यार बैठकीत आणता येत नाही, म्हणून कुसुमोतोंनी फोनवरचे फोटो फिरवले. फोन हातोहात तारुमींकडे पोचला. तारुमी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले शाखाधिकारी आणि कुसुमोतोंचे शाळेपासूनचे मित्र, म्हणजे साठ वर्षांचे शत्रू. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो इतका मोठा केला की त्यात नुसता पिवळा ठिपका उरला.

"पातं जुनं दिसतंय," ते म्हणाले. "पण मूठ आणि म्यान? मूठ तर सेल्युलॉइडची! सिनेमावाल्यांकडची जोडणी आहे ही."

"शेवटच्या वर्षी मुठीला लावायला माशाचं कातडं मिळत नव्हतं! तेव्हा सेल्युलॉइडच लावायचे!"

"नकली विकणारेही अगदी हेच सांगतात बघ."

"विकणारे? अरे, माझ्या वडिलांची आहे ती!"

"मी कुठं नाही म्हणतो? युद्धानंतर बाजारात ढिगानं मिळत होत्या असल्या. शिध्यातल्या माणसालाही हौस असतेच की रे."

सगळे हसले. कुसुमोतोही हसले, कारण तिथे तशी पद्धत आहे. घरी येईपर्यंत मात्र ते बोलत होते, आणि सोबत कुणीही नव्हतं.

"माझा बाप बाजारातून कट्यार घेऊन मिरवणारा?" बूट काढता काढता ते ओरडले. "ज्या माणसानं कधी नवीन छत्री घेतली नाही, तो?"

फुसाए मुळा किसत होती. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यामुळे तिला मुळा आणि नवरा दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष देता येत असे.

"अहो, तारुमी काहीही म्हणू देत. नोंदणीला तर पातंच बघतात ना?"

तेच खरं होतं, आणि तीच खरी भानगड होती. कायदा असा आहे: घरात तलवार सापडली की पोलिसांना कळवायचं आणि महिनाअखेरीस ती परीक्षकांपुढे न्यायची. लोहाराने घण मारून हाताने घडवलेलं पातं असेल, तर ती कलाकृती. खुशाल घरी ठेवा. कारखान्यात यंत्रावर निघालेलं असेल, तर ते नुसतं हत्यार. पोलीस ते नेऊन कापून टाकतात. मूठ-म्यानाकडे परीक्षक ढुंकूनही पाहत नाहीत. परदेशातल्या शौकिनांना आरमारी कारखान्याचा माल पूर्ण जोडीनिशी मिळाला तर ते डोक्यावर घेऊन नाचतात. ज्या देशात तो बनला, तिथे मात्र तो जितका अस्सल तितका मोडीत जायला लायक. या कायद्यावर कुसुमोतो दर बैठकीत संतापत असत. आता तो त्यांच्याच माळ्यावर येऊन बसला होता.

कारण मुठीचा स्क्रू काढून त्यांनी आत दडलेलं पात्याचं शेपूट पाहिलं होतं. दिवा तिरका धरला की गंजाखाली जहाजाच्या नांगराचा पुसट शिक्का दिसत होता, म्हणजे आरमारी कारखान्याची खूण, आणि शेजारी आकडा. तोच आकडा मुठीच्या पितळेवर. तोच म्यानाच्या तोंडावर. पातं, मूठ, म्यान, तिन्ही एकाच कारखान्यातली सख्खी भावंडं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी गंजावर जरासं तेल लावलं आणि स्क्रू पुन्हा घट्ट बसवला.

"परीक्षक म्हातारे आहेत," फुसाए म्हणाली. "गंज दिसेल त्यांना, बाकी काही दिसायचं नाही. तुम्ही फक्त तिथे तोंड उघडू नका."

"मी कशाला उघडीन?"

फुसाएने किसणी खाली ठेवली. मुळा संपला होता.

परीक्षक बसत हिरोशिमाला, आणि तिथे जायचं तर गाडी तारुमींची. शेजाऱ्याच्या पर्सिमनच्या झाडाला धडक दिल्यावर कुसुमोतोंनी स्वतःचं लायसन्स परत केलं होतं, आणि तारुमींनाही त्याच दिवशी एक भाल्याचं पातं दाखवायचं होतं. वाटेत तारुमी बाजारातल्या कालवांच्या भावावर बोलले. कुसुमोतो खिडकीबाहेर बघत त्यांना मनातल्या मनात समुद्रात ढकलत होते.

परीक्षेच्या खोलीत परीक्षक इकेउची गुरुजी बसले होते. ते पातं चेहऱ्याच्या इतकं जवळ नेत, की मागे बसलेल्याला वाटावं ते वास घेताहेत. त्यांनी कट्यार हातात घेतली, मूठ उतरवली, धारेवरून नजर फिरवली, शेपटाच्या गंजाला बोट लावून बघितलं. 

"हाताचं काम," गुरुजी शेवटी म्हणाले. "सही नाही. घडण सामान्य. पण हाताचं."

'सामान्य' हा शब्द कुसुमोतोंनी गिळला. गिळायला कठीण होता, पण गिळला. गुरुजींनी पेन उचललं. आणि मागच्या खुर्चीवरून तारुमींचा दिलदार आवाज आला:

"पातं छानच आहे गुरुजी. मूठ-म्यानाचा पोशाख तेवढा नंतर चढवलाय, नकली."

"पोशाख आम्ही बघत नाही," गुरुजी म्हणाले.

इथे विषय संपला होता. पेन कागदावर टेकलं होतं. फुसाए तिथे असती तर तिने नवऱ्याच्या पायावर पाय दिला असता. पण ती घरी होती, आणि कुसुमोतो उभे राहिले.

"नकली? नकली?! गुरुजी, दिवा द्या इकडं! हे बघा, शेपूट तिरकं धरा! गंजाखाली नांगर दिसतोय ना? शेजारी आकडा? आता मुठीवर बघा. तोच! म्यानावर बघा. तोच! तारुमी, ये इकडं, लाव चष्मा! एका कारखान्यात, एका बाकावर, एकत्र जन्मलेत तिघं! माझ्या वडिलांना आरमारानं स्वतः दिलेली आहे ही. बाजारातून नाही आणली!"

 भिंतीकडेला बसलेल्या एका बाईने मांडीवरचं पुडकं छातीशी धरलं. गुरुजींनी दिवा घेतला, शेपूट तिरकं धरलं. बराच वेळ ते वास घेत राहिले.

"खरंच की," ते हळहळून म्हणाले. "सगळे आकडे जुळताहेत. अशी पूर्ण जोडी मी कित्येक वर्षांत पाहिली नाही." आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "फारच अस्सल आहे, कुसुमोतो-सान. मला माफ करा."

परतीच्या वाटेवर पोलीस ठाणं होतं; पातं तिथेच राहिलं. पुढे बोगदा लागला.

"गाढवा," बोगद्यात तारुमी म्हणाले, "पात्यावरून सगळ्यांचं लक्ष उडावं म्हणून तर मी म्यानाला शिव्या देत होतो! बैठकीपासून! फोटोतच कळलं होतं मला, कारखान्याचा माल आहे म्हणून."

"खोटारड्या."

"तुझी शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घे ना!"

तारुमी खरं बोलत होते की ही सबब त्यांनी बोगद्यातच जोडली होती, कुसुमोतोंना ओळखता येईना. तारुमी माणसाऐवजी पातं असते, तर त्यांनी मूठ काढून शेपूट बघितलं असतं.

"गाडी थांबव," ते म्हणाले.

"हायवे आहे अरे."

"मग माझ्याशी बोलू नकोस."

घरी फुसाएने त्यांच्या हातातलं हलकं झालेलं पुडकं पाहिलं, जोखलं, आणि चहा ठेवला. कुसुमोतो तिच्यावर ओरडले, मग टीव्हीवर, मग संसदेवर, आणि शेवटी वडिलांच्या फोटोवर: "एक अक्षर तरी सांगून ठेवायचंत! इतके कसले मुके?" त्यानंतर ते जेवले नाहीत.

डिसेंबरच्या बैठकीत तारुमींनी स्वतः उभं राहून ठराव मांडला: कुसुमोतोंची आरमारी कट्यार मुठीपासून टोकापर्यंत अस्सल आहे, आणि आपला आक्षेप चुकीचा होता. ठराव एकमताने मंजूर झाला. सगळे कमरेत वाकले. कुसुमोतोही वाकले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, कारण वर आल्यावर तारुमींचं तोंड बघावं लागणार होतं.

पातं तोपर्यंत तुकडे होऊन मोडीत गेलं होतं. मूठ आणि म्यान पोलिसांनी परत दिलं होतं. रिकाम्या म्यानाला नोंदणी लागत नाही.