पंचवीस किलोचं कॅरियर

नवी सायकल दुकानात ऐटीत उभी होती आणि लिलाधरला मात्र बसवत नव्हतं. दुकानदार घनश्यामनं दोनदा स्टूल पुढे केलं. दोनदा लिलाधर त्यावर टेकला, दोनदा उठून दाराशी गेला. दारातून भंडाऱ्याचा रस्ता दिसत होता. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, पण तो पाहत होता.

सायकल लेकीनं घेऊन दिलेली. खुशबू नागपूरला नर्स. बाप आसगावच्या तळ्यात जाळं टाकतो आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी जुनी सायकल अड्याळच्या बाजारापर्यंत रेटतो, हे तिला पाहवेना. तिनं एकवीस गिअरची हायब्रिड सायकल ठरवली आणि फोनवर हुकूम सोडला, "बाबा, तुमी सोता जा अन् लागंल ते सामान लावून घ्या. लाजू नोका."

लिलाधरनं सायकलभोवती तीन चकरा मारल्या. मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती, स्टँड नव्हतं. कॅरियरच्या जागी नुसती हवा.

"इचं बाकीचं कुठी आहे?"

"बाकीचं वेगळं घ्या लागते, काका. हायब्रिडमधी असंच रायते."

सायकलीत जितकं कमी तितकी ती भारी, हे घनश्यामनं इतक्या गांभीर्यानं सांगितलं की लिलाधरनं मान डोलावली. मग घनश्यामनं काउंटरवर एकेक वस्तू मांडायला घेतली.

"हा आरसा. मांगून काय येते ते दिसते."

"ते आहे घरी. टरक येते का बस, मले आधीच समजते."

"हॉर्न? सात आवाजाचा."

लिलाधरनं विचार केला. "घरच्याले जास्त आवाज आहेत."

"लाइट?"

"आहे. पायजे तिकडे फिरते."

"बाटलीचं स्टँड?"

"मांगितली का बाटली हातात भेटते."

"हा मीटर पाहा. स्पीड सांगते."

"हळू चालवा म्हनून बी सांगते का?"

"नाही."

"मंग घरचंच बरं."

घनश्यामनं हातातला मीटर खाली ठेवला. "एवढं सामान घरी आहे त आनलं काहून नाही, काका? बसवून देलो असतो."

"ते बसवालेच त कॅरियर पायजे," लिलाधर म्हणाला आणि पुन्हा दाराशी गेला.

बत्तीस वर्षं त्याची बायको धुरपता जुन्या सायकलवर त्याच्या मागे बसत आली होती. मासे तो धरायचा, विकायची ती. मांडीवर टोपली, एका हातात टॉर्च, आणि अड्याळ येईपर्यंत तोंड चालू. घरात दोघांना बोलायला सवड नसे. संसारातलं जे काही ठरलं ते याच रस्त्यावर ठरलं. खुशबूचं नर्सिंगसुद्धा. उद्या बाजार होता. मागे जागा नसली तर धुरपता ऑटोनं जाईल, आणि एकदा का तिला ऑटोची गादी लागली की ती परत सायकलवर कशाला येते? हा विचार सकाळपासून त्याच्या बनियनमध्ये मुंगळ्यासारखा फिरत होता.

घनश्यामनं कॅरियर काढलं. काळंभोर, देखणं. त्यावर लिहिलेलं होतं: पंचवीस किलो.

"सामान किती किलोचं आहे?"

लिलाधर अडला. नुसतं हातात धरून रोहू माशाचं वजन पाच-दहा ग्रॅमच्या फरकानं सांगणारा माणूस, पण बायकोला त्यानं कधी उचलून पाहिलं नव्हतं. त्यानं बाहेर जाऊन फोन लावला.

"काय वो खुशबूचे माय, तुयं वजन किती आहे?"

त्यांच्या धंद्यात वजन विचारतात ते विकायच्या मालाचं.

"काहून? गिऱ्हाईक आलं का?"

"तसं नाही वो..."

"साफ करून देता का तशीच?"

फोन बंद झाला.

लिलाधरनं समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले. पहिला विचार करायला, दुसरा पहिल्यातून काही निघालं नाही म्हणून. परत येऊन म्हणाला, "लोखंडाचं कॅरियर वेल्डिंग मारून नाही लागत का इले?"

"अ‍ॅल्युमिनियमची आहे, काका. त्याले लोखंड चिकटत नाही."

शेवटी त्यानं ते पंचवीस किलोचंच कॅरियर लावून घेतलं. निघताना, कोणी पाहत नाही असं पाहून, आरसाही उचलला. घनश्यामनं पाहिलं. पैसेही घेतले.

अड्याळपर्यंत सायकल ओळखीच्या टेम्पोत आली. पुढे तो चालवत निघाला. सायकल लोण्यासारखी पळत होती, गुडघे चकार शब्द काढत नव्हते, आणि मागूनही कोणी काढत नव्हतं. त्यानं तीनदा मागे वळून पाहिलं. चौथ्यांदा पाहताना खड्ड्यात गेला.

धुरपता दारातच उभी होती. नव्या सायकलीकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही.

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "धानाच्या काट्यावर बसून आली मी. चार मानसं हासले. किती झेपते इले?"

"पंचवीस."

"मंग सांगा, कोनते तेवीस किलो घरी ठेवू?"

लिलाधर कॅरियरवरची धूळ पुसू लागला.

"मी जातो उद्या ऑटोनं. तुमी या मांगून, गिअर टाकत."

संध्याकाळभर तो अंगणात येरझारा घालत होता. नवी सायकल भिंतीला टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. मग पाना सापडला. धुरपतानं आतून विचारलं, "काय ठोकून रायले?"

सकाळी ती टोपली घेऊन बाहेर आली, तर दारात जुनी सायकल उभी. हवा भरलेली, साखळीला तेल, हँडलला नवा कोरा आरसा.

"अन् नवी?"

"तिच्यावर तळ्यावर जाईन. जाळं पंचवीसच्या आत बसते."

"अन् गुडघे?"

"चढाव आला का उतरजो."

ती क्षणभर रस्त्याकडे पाहत राहिली. ऑटोचा आवाज दूरवर येत होता. मग टोपली सावरून मागे बसली. "मांगचं मी सांगतोच ना? मंग आरसा कायले?"

लिलाधरनं पॅडल मारलं. आरशात ट्रक नव्हता, बस नव्हती. कपाळावरचे केस मागे सारत असलेली धुरपता होती. बत्तीस वर्षांत या रस्त्यावर त्यानं तिचा फक्त आवाज ऐकला होता. बोलताना तिच्या भुवया इतक्या नाचतात, हे त्याला आज कळत होतं.

"समोर पाहा," आरशातली धुरपता म्हणाली. "डाव्या हाताले खड्डा आहे."

तोवर ते खड्ड्यात गेले होते.