दोन पाचांचं वजन

मी गल्ल्यावर असताना एक नाणं इकडचं तिकडे होत नाही. नऊ परत द्यायचे तर एक पाच आणि दोन दोन. पाच संपले तर चार वेळा दोन आणि वर एक. हे हात झोपेतही बरोबर मोजतील.

आणि आज बेकरीच्या मालकांच्या जावयाने पाचांची थैली काट्यावर टाकून गिऱ्हाइकांदेखत सांगितलं की बत्तीस नाणी कमी आहेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला मोजायचा कंटाळा, म्हणून दहा नाण्यांचं वजन घ्यायचं आणि त्यावरून थैलीचा हिशोब काढायचा.

याच काट्याने गेल्या वर्षी माझ्या थोरल्या नणंदेला चोर ठरवलं होतं. नऊ वर्षं गल्ला सांभाळलेल्या वन्संना एका दुपारीत घरी पाठवलं. चोर गेला म्हणून काटा कपाटात गेला आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले.

मी थैली टेबलावर उपडी केली, दहा-दहाच्या चळती लावल्या. बरोबर चारशे नाणी भरली, एकही कमी नाही. जावईबापू म्हणाले, काटा खोटं बोलत नाही. मग मी काट्यावर दोन जुने जाड पाच ठेवले आणि त्यांना आकडा वाचायला लावला. ते उचलून दोन नवे पातळ पाच ठेवले. आकडा खाली आला.

"तेही दहा रुपये, हेही दहाच," मी म्हणाले. "आता सांगा, कमी काय आहे?"

मालक हसून म्हणाले, झालं गेलं विसरून जा. मी विचारलं, वन्संचं काय? ते काट्याची वायर गुंडाळू लागले.

एप्रन खुंटीला अडकवून मी तडक वन्संकडे निघाले, वाटभर त्या सासरा-जावयाचा उद्धार करत. वर्षभरात मी ती पायरी चढले नव्हते. दारातच सगळं सांगून टाकलं. म्हटलं, त्या मेल्यांना तुमच्या पाया पडायला लावते.

वन्सं भांडी घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"ते परके गं," त्या म्हणाल्या. "मला घरी पाठवलं त्या संध्याकाळी तुझ्या तळहातावर मी दोन पाच ठेवले होते, एक जाड, एक पातळ. याच ओट्यापाशी. तू न बघताच टाकून दिलेस. म्हणालीस, चोरीचे असतील."