ओला थर

"कोन हाय वं माह्या मांगं?"

प्रेमलता अशी दचकून उठली, की तिच्या मांडीवरची संत्री चहूकडे घरंगळत गेली. मागे कोणी नव्हतं. मागे नुसती भिंत होती. वैशाखातली भर दुपार. वाडीच्या रस्त्यावरचे ट्रकसुद्धा लिंबाच्या सावलीला निपचित उभे होते. गोदामात संत्री निवडणाऱ्या बाया भाकरी खाऊन जरा आडव्या व्हायच्या बेतात होत्या आणि कालच कामाला लागलेल्या या पोरीनं टेकायला नेमकी तीच जागा धरली होती.

"काहून वं, इंचू चावला का?" रंभाबाईनं विचारलं.

"नाही वं मावशी. कोनंतरी पाठ थोपटली माही. लेकराले निजवते ना, तशी."

एरवी या बायांना हसायला कारण लागत नसे. एखादं संत्रं वाकडं निघालं तरी त्यांना गोदामाच्या मालकाच्या, पाटलाच्या, मुनिमाचं तोंड आठवायचं. आज मात्र कोणी हसलं नाही. रंभाबाई सांडलेली संत्री गोळा करत खालच्या आवाजात म्हणाली, "तठी नोको बसत जाऊ. ते जागा पंचफुलाची हाय."

तेवढ्यात पंचफुला हात धुऊन आत आली. कोणाकडे न बघता त्या जागी बसली, पाठ भिंतीला टेकवली आणि तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं तिचे खांदे सैल पडले. प्रेमलता तिच्याकडे टक लावून पाहत राहिली आणि मग पदर घट्ट गुंडाळून उन्हात जाऊन बसली.

ती भिंत होती सणकाडीची. सण, म्हणजे ताग, सोलून त्याचे दोर वळले, की मागे हलक्या पांढऱ्या काड्या उरतात. लोक त्या चुलीत घालतात. पंचफुलाच्या नवऱ्याच्या, म्हणजे कवडूच्या घराण्यात त्यांच्या भिंती व्हायच्या. काड्या बोटभर तोडायच्या, पाण्यात विरवलेल्या चुन्यात पायांनी तुडवायच्या आणि दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करून मध्ये थरावर थर भरत जायचं. थर ठोकायचा नाही, हातानं थोपटायचा. जोर केला की आतली हवा जाते आणि हवेबरोबर थंडावाही जातो. नीट भरलेल्या भिंतीतून ऊन आत येत नाही, आणि आत बोललेलं घुमतही नाही. शब्द तोंडातून निघाला की भिंतीत मुरून जातो. त्यामुळे नव्या माणसाला त्या गोदामात स्वतःचाच आवाज परका वाटे.

काटोलच्या मधुकरराव पाटलांना संत्री ठेवायला अशी थंड जागा हवी होती. बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांनी कवडूला वाडीला आणलं. पाटील काड्यांचं घर बांधतायत म्हणून आजूबाजूचे गोदामवाले पोट धरून हसले. पाटलांनी हसू दिलं. बोलणाऱ्याचं तोंड दिसतं, करणाऱ्याची भिंत दिसते, असं ते म्हणायचे.

या कामात एक रीत होती. संध्याकाळी दिवसाचा शेवटचा थर भरला, की भरणाऱ्यानं त्याच्या डोक्यावर आपला पंजा उमटवायचा. याला थराला हात देणं म्हणत. सकाळी त्याच माणसानं येऊन आपल्या ठशात हात ठेवायचा आणि म्हणायचं, "आलो." मगच बाकीच्यांनी वरचा थर घालायचा. ठशाच्या कडा धरल्या असल्या, तर खालचा थर वर ओझं घ्यायला तयार झाला हे हाताला कळे, इतकी ही सरळ गोष्ट होती. पण कवडूचा म्हातारा बाप आणखी एक सांगे. 'आलो' म्हटल्याशिवाय हात झाकला, तर भिंत वाट पाहत राहते. म्हातारी माणसं काय, काहीही सांगतात. तरी आजवर कोणी ती रीत मोडून पाहिली नव्हती.

मोडली ती पंचफुलानं.

भिंत मांडीएवढी आली होती. त्या संध्याकाळी कवडूचा हात जरा जड पडत होता. पंचफुला खाली चुना तुडवत होती. पायांना गोणपाट बांधलेलं असूनही चुना चावत होता, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं. ती मोठ्यानं म्हणाली, "भिंत भरून राहिले का पापड लाटून राहिले?"

मजूर बाया खो खो हसल्या. कवडूही आधी हसला. पण हसू काही थांबेना, कोणीतरी लाटण्याची नक्कल केली आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुले एवढं समजते, तं तूच भर ना उद्यापासून," तो म्हणाला.

"भरीन. तुम्ही येऊच नोका उद्या. पाय नोका ठेवू अठी."

कवडू भिंतीकडे वळला. त्यानं थराला हात दिला. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती; काड्या तोडताना गडाशाखाली गेलेली. पंजा उमटवून तो सायकलवर बसला आणि बहिणीकडे निघून गेला.

सकाळी तो आला नाही. आभाळ भरून आलं होतं, आणि ओल्या भिंतीवर पाऊस पडला तर सगळंच मुसळ केरात. पहिल्या बसनं आलेले मधुकरराव छत्री आपटत घाई करत होते, "भरा गा, भरा, कोनाची वाट पाहून राहिले?" कवडूचा धाकटा भाऊ गोविंदा म्हणाला, "वयनी, भाऊ आल्याबिगर कसं भरता?"

पंचफुलाच्या मनात कालचा राग तसाच होता. तिनं घमेलं उचललं आणि नवऱ्याच्या पंजावर स्वतः ओतलं. "आले नाही तं नाही. भर."

पाऊस आलाच नाही. आभाळ तसंच निघून गेलं. दुपारी निरोप आला. अमरावती रोडवर कवडूच्या सायकलला ट्रकनं उडवलं होतं. सायकलचं पुढचं चाक गोदामाच्या दिशेला होतं, असं पाहणाऱ्यानं सांगितलं. कोण कुठल्या दिशेनं पडतं त्याला काय अर्थ? पण पंचफुलानं ते एक वाक्य जन्मभरासाठी गाठीला बांधलं. तो येत होता.

कवडूला कापडात गुंडाळूनच आणलं होतं. तोंड दाखवण्यासारखं नाही, असं गोविंदा म्हणाला. "मंग हात दाखव," पंचफुला म्हणाली. गोविंदानं मान फिरवली. हातही दाखवण्यासारखा राहिला नव्हता.

भिंती वाळल्या, छप्पर चढलं. तीन भिंती खडखडीत झाल्या. चौथीत मात्र खाली, बसलेल्या बाईच्या पाठीच्या उंचीवर एक पट्टा ओलाच राहिला. त्यावर गिलावा लावला की पोपडा होऊन गळायचा. चांगला उन्हाळा गेला, तरी पट्टा हाताला ओला लागे आणि ओलं असून गार लागत नसे. अंगाची असते तशी ऊब होती त्याला. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे त्या भिंतीशी लावलेली संत्री नासत नसत. बाकीच्यांना बुरशी धरायची आणि ही देठाच्या पानासकट ताजी. मधुकरराव खूश. ते येता-जाता त्या भिंतीला नमस्कार करू लागले.

पंचफुला तिथेच निवडणारीण म्हणून राहिली. पहिल्यांदा दुपारी पाठ टेकली तेव्हा तीही प्रेमलतेसारखीच उठली होती. आतून कोणीतरी थोपटत होतं. थप, थप, जरा जड हातानं. ती घाबरून बाहेर पळाली आणि विहिरीच्या काठावर बसून रडली. दुसऱ्या दिवशी मात्र आपल्या पायांनी तिथे जाऊन बसली. पुढे वर्षं गेली. जगात तिला थोपटणारं दुसरं होतं कोण?

पण सुखानं तरी बसावं, तर तेही नाही. थोपटणं हळूहळू वाढत चाललं होतं. आधी दुपारीच असायचं, आता सकाळी टोपल्या लावतानाही ऐकू येई. लेकराला निजवणारा हात राहिला नव्हता तो. दार वाजवणाऱ्याचा हात झाला होता. प्रेमलता दचकून उठली, त्याच दिवशी तिनं काम सोडलं. त्या संध्याकाळी पंचफुला रंभाबाईला म्हणाली, "ते उभे हायेत वं तठी. मी नोको म्हनलं, म्हनून उभे हायेत. बसा म्हनाले कोनी नाही, जा म्हनाले कोनी नाही."

"मंग काय करतं?"

"एकदा पाहातो तो हात. त्याइले या म्हनतो."

मधुकररावांना ती भेटली, तेव्हा ते शेजारच्या मोकळ्या जागेत दोरी लावून दुसऱ्या गोदामाची आखणी करत होते. असं काम आता पंचफुला आणि गोविंदाशिवाय कोणाला येत नव्हतं.

"नवी भिंत भरून देतो, पाटील," ती म्हणाली. "पन आधी जुनी उघडतो."

"वेडी झाली का वं पंचफुला? त्या भिंतीवर माहं गोदाम चालते! काय हाय त्याच्यात?"

"माह्या घरधन्याचा हात हाय."

पाटलांच्या हातातली दोरी ढिली पडली. ती सकाळ त्यांनाही आठवत असणार. आपटलेली छत्री आठवत असणार. ते वाकून दोरी गुंडाळू लागले.

"संत्री नासतीन," ते शेवटी म्हणाले.

"नासतीन."

"नासली तं नासली," असं म्हणून ते आखणी सोडून निघून गेले. त्या दिवशी ते काटोललाही गेले नाहीत, रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसून राहिले.

सणकाडीची भिंत फोडावी लागत नाही, लाकडासारखी करवतीनं कापता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदानं पट्ट्याच्या वर करवत लावली. वरचा भाग खडखडीत वाळलेला, पांढरी भुकटी उडत होती. करवत चालू असेपर्यंत आतलं थोपटणं ऐकू येत होतं. करवत थांबली तसं तेही थांबलं. बाया दाराशी दाटीनं उभ्या होत्या. गोविंदानं कापलेला तुकडा दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला.

थर ओला होता. काल संध्याकाळी भरावा इतका ओला, चुन्याचा ताजा वास येत होता, आणि काड्यांचा पिवळसर रंगही गेला नव्हता. मधोमध पंजा होता. चार बोटं नीट, तर्जनी अर्धी.

गोविंदानं करवत खाली ठेवली. "भाऊ," एवढंच म्हणाला.

पंचफुला पुढे झाली. तिला वाटलं होतं, खूप रडू येईल. तसं झालं नाही. तिला कवडूचा उतरलेला चेहरा दिसला आणि इतक्या वर्षांनी स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं आपला उजवा हात त्या ठशात ठेवला. तो तिच्या हातापेक्षा मोठा होता. खालून ऊब लागत होती.

"मी नोको म्हनलं होतं तुमाले," ती म्हणाली. "चार बायाइत हसली तुमाले. माहं चुकलं. या आता."

भिंतीनं नेहमीप्रमाणे शब्द गिळून टाकले. कोणी हललं नाही. बाहेर रस्त्यावर एक ट्रक सुरू झाला, गेला. मग पंचफुलाचा हात कोपरापासून थोडा खाली दबला. बायांनी तो दबताना पाहिला. तिनं ओढून घेतला नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

तिनं हात उचलला तेव्हा तळव्याला चुना लागलेला होता, तो लागणारच. पण चुना हाताच्या वरच्या बाजूलाही होता. कोणीतरी तिच्या हातावर आपला हात ठेवावा, तसा ओला पांढरा पंजा तिथे उमटला होता. त्याची तर्जनी अर्धी होती.

रंभाबाईनं तोंडावर पदर घेतला. पंचफुलानं त्या हाताकडे पाहिलं आणि दिराला म्हणाली, "आले गा. भर."

गोविंदानं घमेलं उचललं. थर तिनंच भरला, त्याच हातानं, अगदी हलका. जेवायच्या वेळेला रंभाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, "धू वं बाई, चुना चावते." पंचफुलानं मान हलवली. रंभाबाईनं मग आग्रह केला नाही. भाकरी मोडून एकेक घास तिच्या तोंडात दिला. संध्याकाळपर्यंत चुना वाळून गळून गेला, खाली कातडी लाल झाली होती.

पट्टा त्याच महिन्यात वाळला. गिलावा धरला आणि भिंत बाकीच्या तिन्हींसारखी झाली. पुढच्या बहारात तिथली संत्रीही इतरांसारखी नासू लागली. मधुकररावांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. नमस्कार मात्र पूर्वीसारखाच करत राहिले.

आता तिथे कोणीही बसे. प्रेमलताही परत आली होती. पण दुपारी जेवणं झाली की ती जागा बाया आपोआप रिकामी ठेवत. पंचफुला हात धुऊन येई, बसे, पाठ टेकवी. भिंत गार असे, घट्ट असे, नुसती भिंत असे. ती जरा वेळ तशीच थांबे. मग टोपली ओढून घेई आणि नासकी संत्री बाजूला काढायला लागे.