उपरण्याखालचा सौदा

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात गहिनीनाथ आपल्या मुलीला विसरून आला. दिशा चौथीत आहे. वासरं बघायची म्हणून बापाबरोबर गेली होती. गहिनीनाथ जनावरांचा दलाल. सौदा जमला की पार्टी दलालाला 'बसायला' नेते, ही इथली रीत. त्या बैठकीतून तो उठला आणि सरळ घरी येऊन झोपला.

दिशा रोज संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येते. आली नाही म्हणून मी शोधत निघालो, तर बाजारातल्या पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर एकटी बसलेली. दिवे लागले होते.

"पप्पा म्हणले, हितून हलू नको," ती म्हणाली. "मी हलले नाही, गुरुजी."

तिच्या आईनं, रुपालीनं, त्या रात्री कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली. "पुढच्या शुक्रवारी पिऊन आलात, तर शनिवारी मी पोरीला घेऊन राजूरला आईकडं जाणार. तिकडच्याच शाळेत घालीन." ती ओरडली नाही. म्हणूनच गहिनीनाथ घाबरला.

सकाळी तो माझ्याकडे आला. पाढे मीच शिकवलेत त्याला. "गुरुजी, कायतरी करा."

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक फोन नंबर. दारू सोडणाऱ्यांची सभा भरते, म्हणाले. फोन उचलणाऱ्याचं नाव कल्याण. सभा रविवारी, देवळाली प्रवरेला, शाळेच्या एका वर्गात. एवढं लांब ऐकून गहिनीनाथला बरंच वाटलं. "तिकडं मला कुत्रंबी वळखत न्हाई."

वर्गात पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आखडून बसली होती. उसाची वाहतूक करणारा कल्याण उठला. "मी कल्याण. मी दारुडा हाय." मग एकेक जण उठून बोलू लागला. कुणी बायकोचं सांगितलं, कुणी गेलेल्या नोकरीचं. गहिनीनाथची पाळी आली. तो उभा राहिला, हात जोडले.

"मी गहिनीनाथ. हे आमचे गुरुजी. यांना घेऊन आलोय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका म्हाताऱ्यानं सरकून जागा केली. "या गुरुजी. लाज धरू नका. या वयात आलात, लई मोठी गोष्ट हाय."

मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. पण आपली चूक शेजारच्यावर ढकलणाऱ्या पोराला चारचौघांत पकडलं, तर पुढच्या वेळी तो ती आणखी खोल लपवतो. "मी ऐकायला आलोय," एवढंच म्हणालो. गहिनीनाथनं सभा संपेपर्यंत मान वर केली नाही.

बाहेर चहा घेताना कल्याण हसत होता. "मी पयल्यांदा आलो तवा मेव्हन्याला पुढं केलं हुतं. ते बिचारं माळकरी!"

गहिनीनाथला हसू आलं नाही. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हातावर पसरलं. आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. आणि तिथं ठरलेलं कुणी मोडत नाही.

"शुक्रवार सोडून बाकी सगळे दिस पिनार न्हाई," तो म्हणाला. "बोला."

कल्याणनं घोडेगावातून बैल नेलेले होते. त्यानं मुकाट्यानं हात आत घातला. गहिनीनाथ दचकला.

"येकच?"

"येकच दिस. आजचा."

"दाम येवढा कमी सांगितला की जनावरात खोड असती."

"हाय ना खोड. उद्या परत मागनार."

त्यानंतर रोज सकाळी गहिनीनाथ कल्याणला फोन करी. असं करत शुक्रवार उजाडला. दलालाला शुक्रवार चुकवता येत नाही, त्या दिवसावर घर चालतं. तो बाजारात गेला.

संध्याकाळ झाली तरी परत आला नाही. फोनही उचलेना. दिशा माझ्याकडे पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. तिला घरी आईपाशी सोडलं. पिशवी दाराशीच होती. मी बाजाराकडे निघालो.

बाजार मोडला होता. शेवटच्या टेम्पोत म्हशी चढवत होते. गहिनीनाथ त्याच हौदाच्या कठड्यावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. जवळ गेलो आणि वास घेतला. घ्यावाच लागतो. वास नव्हता. पण शर्ट घामानं भिजला होता.

"बैलजोडीचा सौदा झाला," तो म्हणाला. "पार्टी बसायला बोलवत हुती. म्हनलं येतो, आन हितं येऊन बसलो. आता उठलो की पाय तिकडंच जातेत, गुरुजी."

मी शेजारी बसलो.

"पोरगी किती येळ बसली हुती हितं?"

"दिवे लागेपर्यंत."

"आन हलली न्हाई."

दिवे लागले. माझ्या खांद्याचा आधार घेऊन तो उठला. घरी रुपाली दारात उभी होती. ती अगदी जवळ आली, त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जेवा." पिशवीला मात्र तिनं हात लावला नाही.

शनिवारी सकाळी दिशा माझ्याकडे गणितं घेऊन आली. तिच्या मागं गहिनीनाथ, डोळे तांबडे, रात्रभर न झोपलेला.

"कल्यानचा फोन लागंना," तो म्हणाला आणि उपरणं पुढं केलं. "आजच्यापुरतं तुमी…"

मी हात आत घातला. त्याची बोटं गार पडली होती. त्यानं माझं एक बोट धरलं.

"गुरुजी, किती?" दिशानं विचारलं.

"तू तुझी गणितं कर."

तिनं मान खाली घातली. गहिनीनाथनं माझं बोट मात्र बराच वेळ सोडलं नाही.