चिवड्याची चौदा दिवसांची शिस्त

मित्रांनो, माझा उजवा हात पाहून हसायचे नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यावर गुंडाळलेला वेत पार सुटला आहे, आतले लाकूड उघडे पडले आहे आणि टोकाला चार-पाच कुसळे वर आली आहेत. डावा हात अजून शाबूत आहे. मी आहे एक म्हातारी खुर्ची. चौकट सागाची, पाठ आणि बैठक वेताच्या जाळीची. मुक्काम बंगळूर, राजाजीनगर. वय विचारू नका. ज्यांनी मला घडवून घेतले त्यांचे केस तेव्हा काळेभोर होते, आता ते शोधावे लागतात.

ते म्हणजे खंडोजी अण्णा. धंद्याने शिंपी. त्यांचे घराणे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, असे ते सांगतात. एवढ्या काळात त्यांच्या मराठीत कानडी चांगलीच मुरली, पण हातातली सुई काही सुटली नाही. अण्णांनी नवे दुकान मांडले तेव्हा गिऱ्हाइकांसाठी म्हणून मला करवून घेतले. वेत विणणारा कारागीर दोन दिवस दुकानाच्या पायरीवर बसून होता. वेत भिजवायचा, ओला असतानाच ताणून विणायचा, म्हणजे वाळल्यावर तो घट्ट बसतो. "उभं गिऱ्हाईक घाई करतंय, बसलेलं थांबतंय," असे अण्णा म्हणायचे, आणि त्या थांबण्याची सोय म्हणजे मी.

काय थाट होता तो! लग्नाचे कोट शिवायला आलेले सासरे माझ्यावर बसले, शाळेचे गणवेश घ्यायला आलेली मुले माझ्यावर उड्या मारून गेली. एक गृहस्थ तर बटणे लावून होईपर्यंत माझ्यावरच घोरत पडले आणि जाताना म्हणाले, "घरी असली खुर्ची असती तर ऑफिसला गेलोच नसतो." मी फुगून गेले होते. पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले, अण्णांचे गुडघे धरले, आणि दुकान बंद झाले. मला घरी आणून जिन्याखाली ठेवले. सहा वर्षे माझ्यावर ओल्या छत्र्या आणि रंगाचे रिकामे डबे बसत होते. त्या दिवसांबद्दल फार बोलवत नाही.

मग अण्णांच्या तळमजल्यावर संध्याताई भाड्याने राहायला आल्या. नागपूरच्या. बरोबर दहा वर्षांची शाल्मली. तिचे बाबा नागपुरातच नोकरीला, महिन्यातून एकदा येत. संध्याताईंचे काम कॉम्प्युटरवरचे, बहुतेक घरूनच चाले. अण्णांनी मला पुसून-पासून त्यांच्या खिडकीपाशी नेऊन ठेवले. पुन्हा उजेड मिळाला, पुन्हा माणसे बसू लागली. मला वाटले, चला, म्हातारपण सुखात जाणार.

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतून चिवडा बाहेर आला.

चिवडा म्हणजे बोका. अंगावर तपकिरी, काळे, पिवळसर असे सगळे रंग कालवलेले, म्हणून हे नाव. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या उजव्या हाताला नखे लावली. मला वाटले, नवीन जागा आहे, करील दोन दिवस. पण हा पठ्ठ्या वेळ पाहून ओरबाडायचा. संध्याताई स्वयंपाकघरात असल्या की शांत झोपलेला. त्यांनी कानाला हेडफोन लावून बोलायला सुरुवात केली की आलाच माझ्याकडे. करकर, करकर. ओरबाडताना त्याचे डोळे माझ्याकडे नसत, संध्याताईंकडे असत. त्या ओरडल्या की हा थांबे. मग टेबलावर चढून पेन पंजाने हळूहळू काठाशी आणी, त्यांच्याकडे पाही, आणि ढकलून देई. दार लावून घेतले तर दाराबाहेर गळा काढी. शाल्मली अभ्यासाला बसली की तिच्या पायाच्या बोटांना चावे.

"काय करून राहिला रे हा!" संध्याताई कपाळाला हात लावत. "कॉलवर सगळे हसतात मला."

मला त्याचे रहस्य लवकरच कळले होते, कारण दिवसभर मी दुसरे काय करणार? पाहत बसणार. हा बोका एकटा होता. नागपूरच्या घरी अंगण होते, चिमण्या होत्या. इथे चार भिंती आणि दोन माणसे, तीही पाठ करून बसलेली. गोड वागले तर कोणी पाहत नव्हते. पेन पाडले की घर धावून येई. रागावणे का होईना, लक्ष तर मिळत होते. कळत होते मला हे सगळे, तरी माझा हात दुखत होता, म्हणून मी त्याला मनातल्या मनात शिव्याच दिल्या.

शेवटी एका महत्त्वाच्या कॉलमध्ये चिवड्याने पाण्याचा पेला की-बोर्डवर उलथवला. त्या संध्याकाळी संध्याताई शाल्मलीला माझ्यावर बसवून म्हणाल्या, "हे बघ, माझी नोकरी जाईल असं वागून नाही चालत. माझ्या ऑफिसातल्या भूमिकाचं येलहंक्याला घर आहे, बाग आहे. ती ठेवून घेते म्हणाली. चौदा दिवस देते मी. नाही सुधारला तर तिकडे पाठवायचं."

शाल्मली रडली नाही. तिने वही घेतली, आईचा फोन घेऊन मांजरांविषयी जे सापडेल ते वाचले, आणि नियम लिहून भिंतीवर चिकटवले. चिवडा नाटक करू लागला की त्याच्याकडे बघायचे नाही, बोलायचे नाही, तोंड फिरवायचे. शांत बसला की लगेच कौतुक करायचे. कॉलच्या आधी आणि जेवणाच्या आधी पंधरा मिनिटे दमेपर्यंत खेळवायचे. अण्णांनी तिला जुन्या इस्त्रीच्या टेबलाचा पाय कापून दिला, त्याला सुतळी गच्च गुंडाळली, आणि कापडाच्या कातरणांचे शेपूट करून काठीला बांधले. "घे पुट्टी," ते म्हणाले. लहान मुलीला ते पुट्टीच म्हणत. "त्याला नखं घासायला हे. माझ्या खुर्चीला स्वल्प विश्रांती."

आणि गंमत पाहा, जमू लागले. पहिले चार दिवस चिवड्याने आकाशपाताळ एक केले. पाचव्या दिवशी पेन पाडून त्याने वाट पाहिली; कोणी वळले नाही. आठव्या दिवशी तो सुतळीच्या खांबाला भिडला. दहाव्या दिवशी संध्याताईंचा एक तासाचा कॉल झाला आणि हा पायाशी झोपून होता. शाल्मली रोज एका दिवसावर फुली मारत होती. खरे सांगू? मला तेव्हाही वाटत होते की हा येलहंक्याला गेलेला बरा. ते आठवले की आज माझी मलाच लाज वाटते.

बाराव्या दिवशी दुपारी चिवडा ओरडू लागला. आवाज वेगळा होता, खोल, पोटातून आलेला. तो आपल्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, बराच वेळ बसला, बाहेर आला. पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर. वाळू कोरडीच. सुट्टी असल्यामुळे शाल्मली घरीच होती. तिने पाहिले. तिची मान त्याच्याकडे वळलीही होती.

"आई, हा ट्रेमध्ये सारखा बसून राहिला."

संध्याताईंच्या एका कानाला हेडफोन होता. "नवीन नाटक काढलं असेल. तूच म्हणते ना, बघायचं नाही म्हणून? दोनच दिवस राहिले शाल्मली. आता बघितलं तर सगळं पाण्यात."

शाल्मलीने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिले आणि तोंड फिरवले. मित्रांनो, तिला तो नकोसा होता म्हणून नव्हे. तो आपल्याजवळ राहावा म्हणून तिने तोंड फिरवले.

मग चिवडा माझ्याकडे आला. आजवर त्याने मला फक्त ओरबाडले होते, कधी माझ्यावर बसला नव्हता. आज चढला. पाठ वर काढून, शेपूट आखडून बसला आणि त्याचे सगळे अंग ताणले गेले. माझ्या जाळीवर दोन थेंब पडले. गरम होते. रंगाने लालसर होते. मला कळले की हे नाटक नाही. माझा वेत न् वेत ओरडायला उठला होता, पण लाकडाला कुठले तोंड? मी नुसती त्याला धरून होते.

संध्याकाळी त्याचे ओरडणे थांबले. तो माझ्याखाली पाय पोटाशी घेऊन पडून राहिला, जेवायलाही उठला नाही. "बघ," संध्याताई हसून म्हणाल्या, "कळलं त्याला." शाल्मलीने बाराव्या दिवसावर फुली मारली. एवढी आनंदी ती कधी दिसली नव्हती.

सकाळी पाण्याची मोटर किती वाजता लावायची ते विचारायला अण्णा आले. चिवडा तेव्हा पुन्हा माझ्यावर चढून कण्हत होता. त्यांना पाहून तो कसाबसा खाली उतरला. अण्णा सवयीने बसले आणि लगेच उठले. त्यांच्या पांढऱ्या पंच्याला ओल लागली होती.

"सॉरी अण्णा," संध्याताई ओशाळल्या. "मुद्दाम करून राहिला तो. आम्ही लक्षच देत नाही आहोत."

अण्णांनी पंच्याचा सोगा हातात धरून खिडकीच्या उजेडात नेला. चहाचा डाग, तेलाचा डाग, पानाचा डाग, शिंप्याला सगळे ओळखू येतात. त्यांचा चेहरा उतरला.

"अक्का, मुद्दाम न्हाई हे. रक्त हाय. आत्ता निघायचं, रिक्षा मी बोलावतो."

शाल्मली गुडघ्यावर बसली. तिने चिवड्याच्या पोटाला हात लावला. पोट दगडासारखे घट्ट झाले होते. हात लावताच तो चावला नाही, ओरडलाही नाही, आणि त्यानेच ती घाबरली. टॉवेलमध्ये गुंडाळून त्याला घेऊन तिघे गेले, आणि घरात मी आणि भिंतीवरचा तो कागद एवढेच उरलो.

दुपारी संध्याताई आणि शाल्मली परतल्या, चिवडा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेले संध्याताई फोनवर शाल्मलीच्या बाबांना सांगत होत्या, तेव्हा मला समजले. बोक्यांची लघवी कधीकधी अडते. थेंब थेंब येते, मग तेही थांबते, आणि सगळे विष अंगात भिनते. बेशुद्ध करून नळी घातली आहे. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता तर हाती काही लागले नसते. आताही खात्री नाही.

फोन ठेवल्यावर शाल्मली म्हणाली, "आई, मी बघितलं होतं. तो ट्रेमध्ये बसत होता. मला माहीत होतं काहीतरी होतंय, तरी मी तोंड फिरवलं." मग मात्र तिला रडू फुटले, आणि संध्याताईंनी तिला माझ्यावर बसून मांडीवर घेतले. दहा वर्षांच्या मुलीला मांडीवर घेतले की पाय जमिनीला लागतात. "तू विचारलं होतं मला," त्या म्हणाल्या. "मी मान वर नाही केली. चूक माझी आहे, बेटा." त्या दोघींचे वजन मी कितीतरी वेळ धरून ठेवले.

तीन दिवस घर इतके शांत होते की जिची मी वर्षभर वाट पाहिली ती शांतता मला सोसेना. संध्याताईंनी भूमिकाला कळवून टाकले की बोका येलहंक्याला येणार नाही, जगला तर याच घरात राहील. चौथ्या दिवशी चिवडा आला. सलाईनसाठी पायाचे केस कापलेले, चाल डळमळीत. डॉक्टरांनी बजावले होते, पाणी भरपूर पोटात जाऊ द्या, ओले खाणे द्या, आणि तो स्वतःहून लघवी करतो का ते डोळ्यांत तेल घालून पाहा. नाही झाली तर तसेच उचलून आणा.

दुपारपर्यंत झाली नाही. जेवणे झाली, तरी नाही. संध्याताईंचा कॉल चालू असताना चिवडा उठला आणि ट्रेकडे निघाला.

"आई!"

संध्याताईंनी हेडफोन काढून टेबलावर टाकला. अण्णा दारातच होते, ते भिंत धरून आत आले. तिघेही ट्रेभोवती वाकून उभे राहिले. कॉम्प्युटरमधून कोणीतरी "संध्या? संध्या?" अशा हाका मारत होते, मारू देत. चिवड्याने वाळू उकरली, बसला, एकेकाकडे पाहिले आणि संकोचून सर्वांकडे पाठ केली. कोणी हलले नाही. मग वाळूवर पुरीएवढा ओला डाग उमटला आणि पसरत गेला.

"झाली," शाल्मली म्हणाली. "आई, झाली! अण्णा आजोबा, झाली!" अण्णा डोळे पुसत "सरी, सरी", म्हणजे कानडीत ठीक, ठीक, एवढेच म्हणत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरचे मांजर वस्तू पाडत असेल, गळा काढत असेल, तर त्याला खेळवा, दमवा, नखांना जागा द्या, आणि खोडीला रागावून खतपाणी घालू नका. शाल्मलीचे नियम खोटे नव्हते, आजही ते भिंतीवर आहेत. फक्त सगळ्यांत वर तिने एक ओळ नव्याने लिहिली आहे: आधी त्याच्याकडे नीट बघायचे, मग ठरवायचे. तेवढे तुम्हीही करा. त्या दुपारी त्याचे दुखणे ओळखणारी त्या घरात मी एकटीच होते, आणि मी खुर्ची होते.